टंबलिंग

टंबलिंग : कोणत्याही उपकरणाला न लोंबकळता, जमिनीवर वा गादीवर शरीर उलटसुलट फिरवून पुन्हा पायांवर येण्याचा कसरतीचा प्रकार. कोलांटी, हातांवरून बाजूने चाकासारखे फिरणे, मागे झेप घेऊन हातांवर उतरणे आणि हात न टेकता हवेत घेतलेली गिरकी हे त्याचे प्रमुख घटक होत. ज्या इंग्रजी क्रियापदावरून हे नाव आले, त्या ‘टंबल’ शब्दाचे आजच्या वापरात परस्परविरोधी वाटणारे दोन अर्थ आहेत : तोल जाऊन गडगडत पडणे हा एक आणि कसरतपटूने मुद्दाम कोलांटी घेणे हा दुसरा. पहिल्यात शरीरावरील ताबा सुटलेला असतो, तर दुसऱ्यात तो कसोशीने राखलेला असतो. पडणे हा मूळ अर्थ असून कसरतीचा अर्थ त्यावरून पुढे आला असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु शब्दाचा लिखित इतिहास याच्या उलट आहे. जुन्या लेखनात कौशल्याचा अर्थ आधी आढळतो आणि पडण्याचा नंतर.

व्युत्पत्ती : प्राचीन इंग्रजीत ‘टुम्बियन’ असे क्रियापद होते. त्याचा अर्थ नाचणे, उड्या मारीत नृत्य करणे असा होता. दहाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम सॅक्सन बोलीत झालेल्या बायबलमधील शुभवर्तमानांच्या अनुवादात, हेरोद राजापुढे हेरोदियाच्या मुलीने केलेल्या नृत्यासाठी हेच क्रियापद योजिले आहे. परंपरेने सलोमी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलीचे नृत्य मध्ययुगीन यूरोपीय कलावंतांनीही कसरतीच्या स्वरूपातच कल्पिले होते. फ्रान्समधील रूआन येथील कॅथीड्रलच्या दर्शनी भागावरील तेराव्या शतकातील शिल्पात ती हातांवर उभी राहून नाचताना दाखविली आहे. नृत्य आणि कसरत यांच्यात आज मानला जाणारा भेद त्या काळी फारसा नव्हता, हे यावरून दिसून येते.

‘टुम्बियन’चे आप्त शब्द इतर जर्मानिक भाषांतही आढळतात. प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘टूमोन’ म्हणजे गरगर फिरणे वा झुलणे. आधुनिक जर्मनमध्ये या कुळातील दोन क्रियापदे रूढ आहेत : ‘टाउमेल्न’ म्हणजे झोकांड्या खाणे आणि ‘टुमेल्न’ म्हणजे बागडणे, धावपळ करणे. एकाच मुळापासून तोल जाण्याचा व उल्हासाने हालचाल करण्याचा, असे दोन्ही अर्थ तेथेही निघाले आहेत. इंग्रजीत मध्ययुगीन काळात मूळ धातूला एक प्रत्यय लागून ‘टंबल’ हे रूप तयार झाले. हा प्रत्यय क्रियेची पुनरावृत्ती दर्शवितो. चमचमणे या अर्थाचे ‘स्पार्कल’ वा तडतडणे या अर्थाचे ‘क्रॅकल’ यांतही तोच आहे. त्यामुळे एकदाच उडी घेणे एवढाच अर्थ न राहता, पुनःपुन्हा उलटत जाणे अशी छटा शब्दाला आली. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कसरत करणे आणि गडगडत पडणे हे दोन्ही अर्थ इंग्रजीत शेजारीशेजारी नांदू लागले होते. जेफ्री चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यात नाचणाऱ्या स्त्रियांसाठी ‘टंबेस्टर’ हे याच धातूपासून झालेले स्त्रीलिंगी नाम वापरले आहे.

फ्रेंच भाषेत या शब्दाने आणखी लांबचा प्रवास केला. तेथील ‘तोंबे’ हे क्रियापद जर्मानिक मुळापासून आले, असे सामान्यतः मानले जाते. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा संबंध उड्या व कोलांट्या यांच्याशी होता. पुढे मात्र लॅटिनोद्भव ‘श्वार’ या क्रियापदाला मागे सारून ते पडणे या क्रियेचे मुख्य वाचक बनले. आज फ्रेंच भाषिकाला ‘तोंबे’ म्हणताच पाऊस पडतो, रात्र पडते, माणूस पडतो, एवढेच आठवते. कसरतपटूचा त्यात मागमूसही उरलेला नाही.

दिसण्यात व उच्चारात जवळचे असले, तरी दोन इंग्रजी शब्दांचा ‘टंबल’शी संबंध नाही. थडगे या अर्थाचा ‘टूम’ हा शब्द ग्रीक ‘टुम्बोस’ (उंचवटा, समाधी) यापासून लॅटिनमार्गे आला आहे. ठेच लागणे या अर्थाचे ‘स्टंबल’ हे क्रियापदही निराळ्या मुळाचे असून अडखळत बोलणे या अर्थाच्या ‘स्टॅमर’शी त्याचे नाते आहे.

अर्थविस्तार : ‘टंबल’पासून झालेल्या शब्दांत ताबा सुटणे आणि ताब्यात ठेवून उलटविणे, या दोन टोकांमधील अनेक छटा आढळतात. पाणी पिण्याच्या पेल्याला ‘टंबलर’ हे नाव सतराव्या शतकात मिळाले. त्या पेल्याचा तळ गोलाकार वा निमुळता असे; त्यामुळे तो भरलेला असताना खाली ठेवता येत नसे, ठेवल्यास कलंडत असे. पेय संपविल्याखेरीज पेला हातातून सुटू नये, असा त्याचा परिणाम होई. आज दक्षिण भारतात कॉफीसाठी वापरला जाणारा टंबलर सपाट बुडाचा असून मुळीच कलंडत नाही. नाव मात्र टिकून राहिले आहे. कुलपातील ‘टंबलर’ ही खाचेत पडणारी व किल्लीने उचलली जाणारी पट्टी होय. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये दोन पट्ट्यांच्या कुलपाचे एकस्व घेतले. त्यात प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलावी लागे. कमी वा अधिक उचलली, तर कुलूप उघडत नसे.

इटालियन ‘तोंबोलारे’ (कोलांटी खाणे) यावरून ‘तोंबोला’ हे सोडतीच्या खेळाचे नाव पडले. पात्रातील अंक उलटेपालटे करून एकेक बाहेर काढणे, हे त्या खेळाचे स्वरूप. भारतातील क्लबांत व घरगुती समारंभांत खेळला जाणारा ‘तंबोला’ तो हाच. फ्रेंच ‘तोंबे’वरून इंग्रजीत आलेला ‘टंब्रेल’ हा शब्द मागे कलंडवून माल ओतता येणाऱ्या गाडीचा वाचक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत कैद्यांना गिलोटीनकडे नेणाऱ्या गाड्यांमुळे त्याला भीषण अर्थच्छटा प्राप्त झाली.

उडता उडता हवेत मागे कोलांट्या घेणाऱ्या पारव्यांच्या जातींना ‘टंबलर’ म्हणतात. भारतातील ‘लोटन’ पारवा हवेऐवजी जमिनीवर लोळत कोलांट्या घेतो. चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांविषयीच्या ग्रंथात त्याची नोंद घेतली आहे. मराठी ‘लोटांगण’ या शब्दात लोळण्याचा जो अर्थ आहे, तोच या नावातही आहे. येथे मात्र पारव्याचे कौशल्य आणि शारीरिक दोष यांच्यातील सीमारेषा धूसर होते. कारण लोटन पारव्याला एकदा सुरू झालेली लोळण स्वतःच्या इच्छेने थांबविता येत नाही.

आधुनिक विज्ञानानेही हा शब्द स्वीकारला आहे. एश्चेरिकिया कोलाय हा सूक्ष्मजंतू कशाभिकांच्या साहाय्याने सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, नंतर सुमारे एक दशांश सेकंद जागीच गडबडतो आणि नव्या दिशेने पुन्हा पोहू लागतो. हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत या मधल्या गडबडीची नोंद आहे; तिला ‘टंबल’ म्हणतात. त्याची नवी दिशा जवळजवळ यदृच्छ असते. पण परिस्थिती अनुकूल होत असेल, तर जंतू टंबल लांबणीवर टाकतो आणि त्यामुळे अखेर अन्नाकडे सरकतो. वरवर दिशाहीन दिसणारे हे उलटणे जंतूच्या दृष्टीने मार्ग शोधण्याचे साधन ठरते.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : शब्द जर्मानिक असला, तरी कला त्याहून पुष्कळ प्राचीन आहे. तूरिन येथील ईजिप्शियन संग्रहालयात खापरीवर रेखाटलेले, मागे कमान करून हात जमिनीकडे नेणाऱ्या नर्तिकेचे चित्र असून ते ईजिप्तच्या नव्या राजवटीच्या काळातील (इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील) आहे. क्रीटमधील नॉसस येथील भित्तिचित्रात बैलाच्या पाठीवरून उलटी झेप घेणारा तरुण दिसतो. ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीझच्या ढालीवर कोरलेल्या नृत्याच्या वर्णनात नर्तकांच्या मध्ये फिरणारे दोन कोलांटीपटू येतात. याच महाकाव्यात अन्यत्र रथातून डोक्यावर कोसळून मरणाऱ्या सारथ्याची पॅट्रोक्लस थट्टा करतो, ती कोलांटीपटूचीच उपमा देऊन. पडणे व कोलांटी घेणे यांना एका शब्दात बांधण्याची प्रवृत्ती इंग्रजीपुरती मर्यादित नाही, हे यावरून लक्षात येते.

भारतीय परंपरेत कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नट, नर्तक, गायक, वादक इत्यादींबरोबर ‘प्लवक’ या व्यावसायिकाचा उल्लेख आहे. ‘प्लु’ या धातूचे तरंगणे आणि उडी मारणे असे दोन्ही अर्थ आहेत; म्हणजे येथे पडण्यावर नव्हे, तर अधांतरी राहण्यावर भर आहे. मराठीतील ‘कोलांटी’ हा शब्द तर कलेपेक्षा कलावंताकडे बोट दाखवितो. ‘कोल्हांटउडी’ असेही त्याचे रूप आढळते आणि दोरीवरील व जमिनीवरील कसरती करून गावोगाव फिरणाऱ्या कोल्हाटी जमातीशी त्याचा संबंध जोडला जातो. कोल्हाटी व डोंबारी यांची गणना महाराष्ट्रात भटक्या जमातींत होते. ज्यांच्या नावाशी ही उडी निगडित झाली, त्यांना गावकुसाच्या आत स्थान नव्हते. तीच उडी पुढे शाळांच्या व्यायामवर्गात शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून प्रतिष्ठित झाली.

यूरोपातही टंबलरचे सामाजिक स्थान असेच दुय्यम होते. तेराव्या शतकातील एका अनामिक फ्रेंच काव्याचा विषय हाच आहे. त्यात मठात दाखल झालेल्या एका कसरतपटूला लॅटिन प्रार्थना येत नसतात. म्हणून तो तळघरातील मेरीमातेच्या मूर्तीपुढे आपल्या कोलांट्याच अर्पण करतो आणि थकून कोसळतो, तेव्हा देवी स्वतः खाली येऊन त्याला वारा घालते. या कथेवर झ्यूल मास्नेने रचलेली संगीतिका १९०२ मध्ये माँटे कार्लो येथे प्रथम सादर झाली. कलेचे शास्त्र म्हणून विवेचन करण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न अर्कांजेलो तुकारो या इटालियन कसरतपटूने केला. फ्रेंच दरबारात असताना त्याने उड्या व हवेतील गिरक्या यांवर संवादरूपाने लिहिलेला सचित्र ग्रंथ १५९९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला.

तंत्र : टंबलिंगमध्ये सामान्यतः धावत येऊन प्रथम ‘राउंड-ऑफ’ घेतात. त्यात हात टेकवून शरीर अर्धवट वळविले जाते आणि खेळाडू आलेल्या दिशेकडे तोंड करून दोन्ही पायांवर उतरतो. पुढे जाण्याचा वेग त्यामुळे मागे झेप घेण्यास उपयोगी पडतो. त्यानंतर मागे हातांवर झेपावण्याची ‘फ्लिक-फ्लॅक’ ही क्रिया करून अखेरीस हात न टेकता गिरकी घेतात. तिला ‘साल्टो’ म्हणतात.

हवेत गेल्यावर गुरुत्वमध्याचा मार्ग खेळाडूला बदलता येत नाही. पायांनी जमीन सोडताना जो कोनीय संवेग मिळतो, तोच उतरेपर्यंत कायम राहतो. बदलता येतो तो केवळ शरीराचा आकार. गुडघे छातीशी घेतले की निरूढी परिबल घटते व फिरण्याचा वेग वाढतो. शरीर ताठ केले की वेग मंदावतो. गुरुत्वमध्य सुमारे १·२५ मी. उंच उचलला गेला, तर वर जाऊन त्याच पातळीवर परत येण्यास सुमारे १ सेकंद लागतो. फिरणे, पिळा घेणे, जमीन नजरेने हेरणे आणि शरीर पुन्हा उलगडणे, हे सर्व तेवढ्या अवधीत साधावे लागते.

पडणे आणि टंबलिंग यांतील भेद उतरण्यात सर्वांत स्पष्टपणे दिसतो. १ मी. उंचीवरून पडणाऱ्या शरीराचा वेग जमिनीजवळ सेकंदाला सुमारे ४·४ मी. असतो. तो ५ सेंमी. अंतरात थांबला, तर शरीरास होणारे सरासरी मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे वीसपट असते, ५० सेंमी. अंतरात थांबला, तर ते केवळ दुप्पट असते. गुडघे वाकविणे, हनुवटी छातीला लावून खांद्यावरून गोल लोळणे, मऊ गादी वापरणे, या सर्वांचा हेतू थांबण्याचे हे अंतर वाढविणे हाच असतो. ज्यूदोमध्ये प्रतिस्पर्ध्याला फेकण्याआधी स्वतः पडण्याचे शिक्षण देतात आणि हवाई छत्रीधारी सैनिकांना जमिनीवर उतरताना बाजूने लोळण्यास शिकवितात, तेही याच तत्त्वावर.

स्पर्धात्मक क्रीडाप्रकार : ऑलिंपिक सामन्यांत टंबलिंग हा स्वतंत्र प्रकार एकदाच, १९३२ मध्ये लॉस अँजेल्स येथे झाला. रोलंड वुल्फ या सतरा वर्षांच्या अमेरिकी तरुणाने त्यात सुवर्णपदक मिळविले; उरलेली दोन्ही पदकेही अमेरिकी स्पर्धकांनाच मिळाली. त्यानंतर टंबलिंग कलात्मक जिम्नॅस्टिक्समधील १२ × १२ मी. चौकातील मुक्त व्यायामाचा भाग म्हणून वाढले. स्वतंत्र प्रकार म्हणून त्याचा विकास ट्रॅम्पोलीनच्या सोबतीने झाला. या दोहोंचे नियमन करणारी आंतरराष्ट्रीय ट्रॅम्पोलीन संघटना १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघात विलीन झाली. २००० मध्ये सिडनी येथे ट्रॅम्पोलीनला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. टंबलिंगला मात्र तो पुन्हा मिळालेला नाही. स्वतंत्र स्पर्धेत २५ मी. लांबीच्या लवचिक पट्ट्यावर एका दमात आठ घटक सलगपणे सादर करावे लागतात. मध्ये थांबल्यास वा पडल्यास शृंखला तुटते.

मुक्त व्यायामातील अवघडपणा झपाट्याने वाढत गेला. सोव्हिएट खेळाडू नेली किमने १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे स्त्रियांच्या मुक्त व्यायामात दुहेरी साल्टो सादर केला. २०१९ मध्ये श्टुटगार्ट येथील जागतिक स्पर्धेत अमेरिकी खेळाडू सिमोन बाइल्सने दुहेरी साल्टोमध्ये तीन पिळे घेतले आणि ती उडी नियमावलीत तिच्या नावाने नोंदली गेली.

धोके : कौशल्य वाढले, तरी पडण्याची शक्यता टंबलिंगमधून कधीच नाहीशी होत नाही. १९७८ ची सर्वांगीण जागतिक विजेती, सोव्हिएट खेळाडू येलेना मुखिना हिचा अपघात या दृष्टीने बोधप्रद आहे. ‘टॉमस साल्टो’ ही अमेरिकी खेळाडू कर्ट टॉमसच्या नावाने ओळखली जाणारी उडी पायांवर न संपता लोळण घेऊन संपते. तिच्यात दीडपट पिळ्यासह सुमारे पावणेदोन फेरे मारून हात टेकताच मान आत वळवावी लागते. लोळण हा एरवी सर्वांत सुरक्षित शेवट. परंतु येथे फिरणे थोडे कमी पडले, तर हनुवटी वा मान जमिनीवर आदळते. १९७९ मध्ये मुखिनाचा पाय मोडला होता. तो पुरता बळकट होण्याआधीच ती सरावाला परतली. उडी घेण्यासाठी लागणारा जोर त्या पायात नव्हता. मॉस्को ऑलिंपिकच्या सुमारे दोन आठवडे आधी, ३ जुलै १९८० रोजी मिन्स्क येथे सरावात तिचे फिरणे अपुरे राहिले आणि मानेच्या मणक्यांना झालेल्या इजेमुळे तिचे चारही अवयव लुळे पडले. तिचा मृत्यू २००६ मध्ये झाला. लोळणीने संपणाऱ्या अशा उड्या स्त्रियांच्या स्पर्धांत पुढे वर्ज्य करण्यात आल्या.

दुसरे उदाहरण बाइल्सचेच आहे. २०२१ मध्ये भरलेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये तिने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. हवेत असताना आपले शरीर कोठे आहे याचे भान नाहीसे होण्याची जी अवस्था असते, ती तिने अनुभवली होती. स्नायूंचे बळ आणि वर्षानुवर्षांचा सराव कायम असूनही केवळ हे भान हरपले, तर साल्टोचे रूपांतर पडण्यात होते. तिच्या निर्णयावर त्या वेळी टीकाही झाली. परंतु थांबणे हाही ताबा राखण्याचा एक प्रकार आहे, हे मुखिनाच्या अपघाताशी ताडून पाहता ध्यानी येते. २०२४ मध्ये पॅरिस येथे बाइल्सने सर्वांगीण स्पर्धेचे सुवर्णपदक पुन्हा मिळविले.

‘टंबल’ या शब्दाचे दोन अर्थ म्हणूनच भाषेने केलेला घोटाळा ठरत नाहीत. नृत्यापासून पतनापर्यंत या शब्दाने जे अंतर काही शतकांत कापले, तेच कसरतपटू प्रत्येक उडीत एका सेकंदात कापू शकतो. गुरुत्वाकर्षण दोहोंनाही सारखेच खाली ओढते. निराळी असते ती शरीराला असलेली स्वतःच्या स्थितीची जाणीव आणि जमिनीला भेटण्याची पूर्वतयारी. नवशिक्याला प्रथम साधी कोलांटी, म्हणजे न दुखावता लोळणे शिकवून मगच उडी शिकविण्याची व्यायामशाळांतील प्रथा याच अनुभवावर आधारलेली आहे.